बूड निघणारं भांडं

वैजनाथअप्पा केकचा टिन विकत घेण्याआधी डोक्यावर घालून बघतात.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. अंबाजोगाईचा मंडी बाजार, भर दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाइकं. सत्तरी गाठलेला एक भारदस्त माणूस, पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे ठळक पट्टे, डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात देतो आणि ॲल्युमिनियमचा गोल डबा डोक्यावर चढवतो. मग दुकानदाराकडून आरसा मागून घेतो. मान डावीकडे, मान उजवीकडे. मी टोपी हातात धरून दुसरीकडेच बघत उभी.

"पास," अप्पा म्हणतात. "आठ इंची हाय."

"अप्पा, खाली लिहिलंय की आठ इंच," दुकानदार कळवळून सांगतो.

"लिव्हलेलं सोडा. लिव्हनारा मानूस असतोय. माझं डोस्कं जल्मभर तेवढंच हाय. सात इंची त्याच्यावर बसत न्हाई, नऊ इंची कानावर येतंय. माल बोलतो ताई, मानूस खोटं बोलतो."

"माल बोलतो" हे अप्पांचं ठरलेलं वाक्य. ते कुठंही लागू पडतं. गवंड्यानं बांधलेली भिंत, पुढाऱ्याचं भाषण, लग्नाला आलेलं स्थळ, सगळ्यावर अप्पा एकदा हात फिरवतात आणि म्हणतात, माल बोलतो.

अप्पा आमचे शेजारी. आमच्या सरांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, घाटनांदूरच्या शाळेत बदली झाली तेव्हापासूनची ओळख. मोंढ्यात अप्पांची धान्याची आडत होती. तशी अजूनही आहे, पण गादीवर आता दोघं मुलं बसतात. अप्पांनी आयुष्यभर पोत्यांत हात घातले. तूर, हरभरा, ज्वारी, काहीही असो, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि निकाल द्यायचा. मग मुलांनी ओलावा मोजायचं यंत्र आणलं आणि वडिलांना सांगितलं, "अप्पा, आता तुम्ही आराम करा." आपल्याकडे 'आराम करा' याचा अर्थ 'मध्ये बोलू नका' असा होतो. अप्पांना तो बरोबर कळला. मुलं मोंढ्याजवळच्या नव्या घरात गेली, अप्पा आणि काकू इथं राहिले. काकू बाहेर फारशा दिसायच्या नाहीत. मोठं आजारपण झालं होतं एवढंच मी ऐकून होते.

आता धान्य सुटलं तरी पारख करायची खोड थोडीच सुटते! तिला काहीतरी खाद्य पाहिजे होतं. ते नकळत मी पुरवलं.

झालं असं, की आमच्या मुलाच्या वाढदिवसाला मी घरीच केक केला आणि रीत म्हणून शेजारी एक तुकडा पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा दारात.

"ताई, त्यो केक ज्याच्यात केलता, ते भांडं दाखवा."

लोक केकची कृती विचारतात. फार तर बेकरीचं नाव विचारतात. भांडं विचारणारा हा पहिलाच माणूस. मी माझा टिन आणून दिला. पातळ, काळा, एका बाजूनं चेपलेला. अप्पांनी तो उलटा करून दारापुढच्या ओट्यावर ठेवला आणि कडेवर बोट दाबलं. टिन डुगडुगला.

"ह्याच्यात केलता?"

"हो."

"तरीच कड कडक झालती. मधलं झकास."

"मग अप्पा, कृती लिहून देऊ का?"

"कृती ऱ्हाऊ द्या. पीठ-साखर कुनाकडं बी तीच. फरक भांड्याचा. पोतं ओलं तर दाना ओला."

त्या दिवसापासून अप्पांना टिनचं वेड लागलं. योगायोग असा, की त्याच सुमारास मीही अंबाजोगाईला केकच्या क्लासला जाऊ लागले. आमच्या भागात तेव्हा क्लासची साथच आली होती. आदल्या वर्षी ब्युटी पार्लर शिकवणाऱ्या मॅडमच आता केक शिकवत होत्या आणि केकवर क्रीमही फेशियलच्याच हातानं लावत होत्या. पुढं मी घरून ऑर्डरी घ्यायला लागले आणि सामान आणायला अंबाजोगाईला निघाले की अप्पा आधीच स्टँडवर उभे असायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, "ताईला सोबत."

खरं तर त्यांनाच माझी सोबत लागायची. केकच्या दुकानात एकटा म्हातारा शिरला की पोरं हसतात.

अप्पांची तपासणी बघण्यासारखी असते. आधी टिन हातावर तोलायचा. हलका असला तर खेळ खलास. "ह्यो तर पापड हाय. ह्याला इस्तू दाखवला की आकसंल." मग काचेच्या काउंटरवर पालथा घालून डुगडुगतो का बघायचं. मग दोन्ही अंगठ्यांनी समोरासमोरच्या बाजू दाबायच्या. मग बोटाच्या पेरानं टिचकी आणि कान. पातळ टिन पत्र्यासारखा किणकिणतो, जाड टिन नुसता 'ठक' म्हणतो. अप्पांना मोजकं बोलणारा टिन आवडतो. काळ्या, गुळगुळीत, चमचमणाऱ्या टिनवर त्यांचा विशेष राग. काळं भांडं लवकर तापतं आणि मधलं होईस्तोवर कड जाळतं, हे ते स्वतःच्या खर्चानं शिकलेले. वर आणि तत्त्वज्ञान: "रंग फासलेला माल म्हंजी कायतरी झाकलेला माल."

एकदा एका चकचकीत दुकानातला सेल्समन म्हणाला, "अंकल, हा घ्या. इम्पोर्टेड आहे."

"म्हंजी कुठला?"

"बाहेरचा."

"बाहेरचा म्हंजी? परळीचा?"

सेल्समननं माझ्याकडे पाहिलं. मी बटर पेपर बघत होते.

"आपल्यात नुसतं बाहेरचा म्हनलं की झालं," अप्पा त्याला समजावून सांगायला लागले. "जावई बाहेरचा, डाक्टर बाहेरचा. म्या तूर बी बाहेरची इकली हाय बे, गावातलीच पोत्याचं तोंड बदलून. काढा दुसरा."

पण खरी कसोटी लागली ती टार्टच्या वेळी. एका दुपारी मी मोबाईलवर टार्ट करायचा व्हिडिओ बघत होते. पिठाची पारी नक्षीदार कडेच्या उथळ टिनमध्ये बसवायची, आत सारण भरायचं आणि भाजायचं. अप्पा ओट्यावर बसून माझ्या खांद्यावरून बघत होते.

"ताई, ह्याच्यात गोडच भरायचं असतंय का?"

"नाही अप्पा, खारं पण भरतात. भाज्या, बटाटा, काहीही."

अप्पांनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा एकदा. त्यातल्या बाईनं टिन एका डब्यावर ठेवला, तशी टिनची कड घसरून खाली पडली आणि टार्ट बुडासकट अलगद वर राहिला. अप्पांच्या तोंडून "आयला" निघालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शब्बीरभाईंच्या दुकानात. शब्बीरभाई अप्पांचे जुने स्नेही. त्यांच्याकडे पातेली, कळशा, घमेली आणि अलीकडे एका कोपऱ्यात केकचं सामान.

"शब्बीरभाई, टाट पायजे."

शब्बीरभाईंनी स्टीलचं ताट पुढं केलं.

"त्ये ताट न्हाई. टाट. बूड निघनारं भांडं."

शब्बीरभाईंनी चष्मा पुसला. "कुनाचं बूड निघालं अप्पा? आणा, डाग देऊन देतो."

"निघालेलं न्हाई बे, निघनारं. नवं. आपुन काढलं की निघलं पायजे, आपल्या मनानं निघाया न्हाई पायजे."

"अप्पा," शब्बीरभाई काकुळतीला आले, "आमचे अब्बा एकच बात सांगून गेले. बेटा, जिसका बूड निकला, वो बर्तन वापस आता. आन तुम्ही तर पैलेच निकलेला मागताय!"

शेजारी एक बाई कळशी बघत होती. तिनं ती गुपचूप खाली ठेवली आणि दुकानातून निघून गेली.

"गिऱ्हाईक घालवलं न माझं," शब्बीरभाई म्हणाले.

"ऐका तर. केक उलटा करून काढता येतो. ह्याला उलटं केलं की आतला माल खाली. म्हनून बूड वर ढकलायचं. कावून समजंना तुमाला?"

शब्बीरभाईंना समजलं, पण त्यांच्याकडं तसलं भांडं नव्हतं. अख्ख्या अंबाजोगाईत नव्हतं. एका ठिकाणी होतं, पण अप्पांनी काउंटरवरच त्यात तांब्याभर पाणी ओतलं. सगळं पाणी दुकानदाराच्या पावती पुस्तकावर. "फट लई हाय," अप्पा म्हणाले. दुकानदार जे म्हणाला ते इथं लिहीत नाही.

"आपण मोबाईलवरून मागवू या," मी सुचवलं.

"मोबाईलमधी डोस्कं कसं घालू?" अप्पांनी विषय संपवला.

अशात भाऊंचा वाढदिवस आला. भाऊ म्हणजे आमच्या भागातले उगवते नेते. ते बरीच वर्षं उगवतच आहेत. चौकात एवढं मोठं बॅनर, त्यावर भाऊ मोबाईलवर बोलताना आणि खाली शुभेच्छुकांची चेहरेपट्टी. युवा मंचाची चार पोरं माझ्या दारात आली. केक पाहिजे होता. भाऊंच्या गाडीच्या बॉनेटएवढा.

मी हरखले. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच. गावात नाव होण्याची संधी. ओट्यावर अप्पा होतेच.

"खानार किती जन?" अप्पांनी विचारलं.

"खायचा कशाला अप्पा?" एक पोरगा म्हणाला. "तोंडाला लावायचाय. आन वरून जेसीबीनं फुलं टाकायचीत."

अप्पांनी त्या पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "मंग सिमिट घ्या की बे. चांगलं चिकटंल. अन्न कावून नासता?"

पोरं हसली. ऑर्डर पक्की करून गेली. मोठे चौकोनी टिन लागणार होते, पण अप्पा सोबत यायला तयार होईनात. "त्येला टिन कशाला? घमेलं पुरं," म्हणाले आणि आपल्या घरात निघून गेले.

मग मी एकटीच गेले. घाईत जे मिळाले ते पातळ टिन घेऊन आले. व्हायचं तेच झालं. ओव्हनमध्ये टिन वाकडे झाले, कडा करपून कोळसा आणि मध्ये खड्डा. रडकुंडीला येऊन मी सुरीनं करपलेलं खरवडलं, खड्ड्यात तुकडे भरले आणि त्यावर क्रीमचा गिलावा केला. त्या दिवशी मला गवंडीकाम आणि केक यांतला फरक कळेनासा झाला.

चौकात भाऊंनी लाकडी तलवारीनं केक कापला. खरी तलवार पोलिसांमुळं रद्द झाली होती. भाऊंनी चिमूटभर केक जिभेला लावला, मोबाईलकडे बघून अंगठा दाखवला आणि पुढच्या क्षणी सगळा केक एकमेकांच्या तोंडावर, केसांत, शर्टावर, जेसीबीच्या काचेवर. तासाभरात माझ्या मोबाईलवर "एक नंबर केक ताई" असे निरोप यायला लागले. ते पाठवणाऱ्यांपैकी एकाच्याही तोंडात केक गेला नव्हता.

सकाळी अप्पांनी ओट्यावरून हाक मारली.

"कड करपलती का?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "हो अप्पा. सगळीकडून."

"कुनी काय म्हनलं?"

"एक नंबर म्हणाले."

अप्पांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला. "मंग आपुन इतकं कशाला बघत बसतो?" असं म्हणाले आणि उठून घरात गेले. मला वाईट वाटलं. ऑर्डर मिळाली होती, नाव झालं होतं, आणि तरी परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतर अप्पा ओट्यावर दिसेनात. रुसले असतील म्हणून मी वाट पाहिली. शेवटी त्यांना न विचारता मोबाईलवरून बूड निघणारा टिन मागवला. आला तो जड, फिक्या रंगाचा, नीट बसणाऱ्या बुडाचा. तो घेऊन मी त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. "अप्पा?" म्हणत सरळ आत गेले.

आतल्या खोलीत काकू पलंगावर बसल्या होत्या. अप्पा खाली पाटावर. त्यांच्या मांडीवर ताटली, ताटलीत साधा, क्रीम नसलेला केक. अप्पा सुरीनं त्याची कड चारी बाजूंनी कापून काढत होते. मधला मऊ भाग दुधात भिजवून वाटीत घालत होते आणि कडेचे तुकडे स्वतःच्या तोंडात टाकत होते. मला बघून ते चोरी पकडल्यासारखे दचकले. काकूंनी पदर तोंडावर ओढून घेतला.

मी टिन पुढं केला.

अप्पांनी तो घेतला, उलटसुलट केला. "उजेडात बघतो," म्हणाले आणि मागच्या अंगणात गेले.

काकूंनी मला बसायची खूण केली. हळूहळू, शब्द सांभाळत बोलायला लागल्या. जबड्याचं ऑपरेशन झालेलं, वरून किरणं दिलेली. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं.

"तंबाकूच्या मिश्रीनं घात केला. भाकर गेली, ठेचा गेला. पेज पिऊन पिऊन जीव इटला. तुमचा त्यो केक आलता न्हवं, त्यो पयल्यांदा गिळाया आला. तवापासनं ह्येंनी सवता केक भाजायचा ह्यो धंदा मांडलाय."

"तुम्हाला आवडतो ना केक?"

काकूंचे डोळे हसले. "मला? मला गोडाचं तोंडच न्हाई. लग्नातली जिलबी बी ह्येंच्या ताटात सारलीती. पन मानूस उन्हातान्हात हिंडून टिन आनतंय. म्हनून रोज म्हनते, चांगलंय."

"मग सांगायचं ना त्यांना."

"काय सांगायचं? आदी रोज भांडायचो आमी. भाजीत मीठ कमी का जास्त, ह्याच्यावर जल्म गेला. आता भांडाया तोंड तरी उघडाया पायजे का न्हाई?"

मी अंगणात गेले. अप्पा टिनचं बूड वर ढकलून पुन्हा बसवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माल बरा हाय." मग आवाज खाली आणून, "ही काय म्हनली?"

"काही नाही. केक चांगला असतो म्हणाल्या."

"हां. रोज तेच. चांगलंय." अप्पांनी टिन गुडघ्यावर ठेवला. "ताई, मोंढ्यात जल्म गेला माझा. जे गिऱ्हाईक नुसतं चांगलंय चांगलंय म्हनतंय न, त्येला त्यो माल घ्यायचा नसतोय. नाव ठिवनारं गिऱ्हाईक खरं. ही आदी कशाला नाव ठिवायची न्हाई, इचारा. पान्याला बी ठिवायची. दवाखान्यातनं आली आन समदंच चांगलं झालं. मला वाटलं टिनचं चुकत असंल. म्हनून बदलत गेलो. मंग तुमच्या मोबाईलमधी ते खारं दिसलं."

"काय भरणार अप्पा?"

"भरीत," अप्पा म्हणाले. "हिचा लई जीव भरतावर."

दुसऱ्या दिवशी अप्पांनी स्वतः निवडून वांगी आणली. किती दुकानदारांना रडवलं ते मी विचारलं नाही. विस्तवावर भाजून, सोलून, गाळणीतून काढून त्यांनी भरीत लोण्यासारखं केलं. मिरची नाही, कारण काकूंच्या तोंडाला तिखट सोसत नव्हतं. नुसतं दही, जिरं, लसणाचा वास. मी पारी करून दिली. टार्ट भाजून निघाला, बूड वर ढकललं, कड अलगद घसरली. अप्पांनी मधलं भरीत चमच्यानं वाटीत काढलं, पारी आपल्या ताटलीत घेतली आणि पाटावर बसून काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले.

काकूंनी एक चमचा घेतला. जीभ फिरवली. गिळलं. मग कपाळाला आठी घातली.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या. "आन वांगं नीट भाजलं न्हाई. घाई केली असंल. जल्मभर घाईच."

अप्पा माझ्याकडे वळले. "ऐकलं का ताई? मीठ कमी हाय म्हनली."

"ऐकलं अप्पा."

"वांगं बी भाजलं न्हाई म्हनली."

"हो."

"आनतो मीठ," म्हणत ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आतून डब्यांची झाकणं उघडल्याचे, लावल्याचे आवाज यायला लागले. मग तेही थांबले. बराच वेळ झाला तरी अप्पा बाहेर येईनात. मी उठायला लागले, तशी काकूंनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "येतील ते."

आणि मिठाची वाट न बघता त्यांनी पुढचा चमचा तोंडात घातला.